कंदीलखोलीतला मुकटा

त्या स्टेशनात मीठ टिकत नसे. सकाळी बरणी भरून ठेवावी, संध्याकाळी आत पाणी. पापडाचं तर नावच काढू नका. कढईत टाकला की फुलायचं सोडून रुसून बसायचा. काडेपेटी मी चुलीच्या वैलावर ठेवायची, नाहीतर दहा काड्या ओढाव्यात तेव्हा एक पेटायची. स्टेशनाची हकीकत सांगायला बसले आणि मिठापासून सुरुवात केली, म्हणून कुणी हसेल. हसा बापडे! बाईमाणसाला जागा कळते ती अशीच. पुरुष सांगतील बोगदा किती लांब, कुठल्या साहेबाच्या अमदानीत झाला. मला विचाराल तर ती जागा ओली होती, आणि पुढे जे झालं ते सगळं त्या ओलीमुळे झालं. निदान मी स्वतःला इतकी वर्षं तसंच सांगत आले.

स्टेशन घाटात, खंडाळ्याच्या खालच्या अंगाला. मागे बोगदा, पुढे बोगदा. निम्मा फलाट मधल्या खिंडीत उघड्यावर आणि निम्मा डोंगराच्या पोटात. ऑफिस, कंदीलखोली आणि आमचं बिऱ्हाड, तिन्ही खडक कोरून काढलेली. तोंडाशी तेवढी विटांची भिंत आणि दार. त्याचं नाव मी लिहीत नाही, आणि लिहून तरी काय, आता तिथे गाडी थांबत नाही. त्या वेळीही उतारू असे नसतच. चढणीची इंजिनं पाण्याला थांबत, उताराच्या गाड्यांचे ब्रेक तपासले जात, एवढ्यासाठीच ते होतं.

पहिली लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा आम्ही तिथे गेलो. हे स्टेशनमास्तर. मी विशीची. स्टेशन मात्र तेव्हाच म्हातारं झालं होतं. कमानीच्या विटा मधूनच सुटून रुळात पडत. भिंतीला हिरवं शेवाळ, त्यातून डोकं काढलेले नेचे. छतातून पाणी ठिबके म्हणून फलाटावर पत्र्याच्या पन्हाळी टांगल्या होत्या, त्या गंजून त्यांचीच चाळण झालेली. घड्याळ पावसाळ्यात चार महिने दमेकऱ्यासारखं चाले, दोन पावलं जाऊन थांबे. बाकाचा एक पाय गेलेला, त्याखाली दगड. आणि धूर! पुढे एक इंजिन, मागे एक इंजिन अशी मालगाडी चढायला लागली की बोगद्यातला सगळा धूर आमच्या घरात. मी दार लावून, खाली फटीला पोतं कोंबून, तोंडाला पदर धरून बसायची. तरी तासाभराने ताकावर काजळी तरंगायचीच.

वर्षातून एकदा कुणी मोठा साहेब यायचा असला की दर्शनी भाग पांढरा होई. ओल्या भिंतीवर चुन्याचा हात. महिन्याभरात पोपडे धरत आणि आतला काळा खडक पुन्हा डोकावे. आम्ही म्हणायचो, जाऊ दे, साहेब येऊन गेला ना, झालं.

आता ह्यांच्याबद्दल सांगते. माणूस वाईट नव्हता. कुणाला वावगं बोलणं नाही, कुणाचे पैसे खाणं नाही. पण सोवळ्याचं मात्र असं खूळ की विचारू नका. दिवसभर ड्रायव्हर, गार्ड, पोर्टर, बारा जणांच्या हातातून आलेले कागद हाताळायचे. त्याचा वचपा म्हणून की काय, घरात पाऊल टाकलं की सोवळं दुप्पट. माझ्या सासऱ्यांचा एक रेशमी मुकटा होता, डाळिंबी रंगाचा, पिवळ्या काठाचा. तो नेसून पूजा आणि तो नेसूनच जेवण. मी तो रोज पिळून, कुणाचा स्पर्श होऊ नये म्हणून वर टांगलेल्या वेळूवर काठीने वाळत घालायची. माझ्या माहेरीही तीच पद्धत होती, त्यामुळे मला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

पण वाळेल तर ना! छताचं पाणी नेमकं त्या वेळूवर गळायचं. सकाळी मुकटा संध्याकाळपेक्षा ओला. हे ओलेत्याने पूजा करायचे. ओलेतं सोवळ्यात चालतं, पण छातीला चालत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात खोकला लागला तो हटेना. खोकताना भिंतीला हात धरायचे. लोणावळ्याच्या डॉक्टरांनी नळी लावून पाहिलं आणि ह्यांना बाहेर बसवून मला म्हणाले, "बाई, ओला कपडा अंगाला लागता कामा नये. नाहीतर ही छाती जाईल." मी विशी-एकविशीची, पदरात मूल नाही, माहेर लांब देशावर. जीव टांगणीला लागला माझा.

त्या अख्ख्या स्टेशनात कोरडी जागा एकच होती, कंदीलखोली. फलाटावरच, खडक वळतो तिथे, आमच्या दाराच्या जवळजवळ समोर. तिथला खडक कसा कोण जाणे, झिरपत नसे. बोगद्यातल्या फलाटावर दिवसाही कंदील लागत, म्हणून एक संच बाहेर टांगलेला असला की दुसरा फळीवर पेटवून तयार असे. दहा-बारा कंदिलांची ती ऊब. पाऊस कोसळत असताना त्या दारात नुसतं उभं राहिलं तरी हाडं शेकून निघायची.

त्या खोलीचे धनी म्हणजे आमचे बत्तीवाले. कार्ल्याचे मुसलमान, उंच पण कमरेत वाकलेले, सगळे त्यांना आबा म्हणत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. खोलीच्या मागे खडकातच एक कोनाडा होता, त्यात त्यांची चटई आणि एक ट्रंक. मिसरूड फुटायच्या आत त्या स्टेशनात आले ते तिथेच म्हातारे झाले. कमरेला सुतळीने वाती कापायची कात्री बांधलेली. काच अशी पुसत की आहे की नाही हात लावून बघावं. आणि एक नेम, खोलीत काडी ओढायची नाही. पावसात, वाऱ्यात, कसंही असो, दाराबाहेर उभं राहून काडी ओढायची आणि पहिला कंदील बाहेरच पेटवायचा. आत घासलेटचे डबे. "हितं इस्तव म्हंजे समद्या टेसनाची राख," म्हणत.

मी भीतभीतच विचारलं. हे ऑफिसात होते. म्हटलं, "आबा, एक कपडा तुमच्या खोलीत वाळत घातला तर चालेल का? सोवळ्यातला आहे. ह्यांना कळता कामा नये."

ते डोकं खाजवत आत गेले. दुसऱ्या दिवशी मला हाक मारून दाखवलं. खोलीच्या मागच्या कोपऱ्यात वर एक नवा वेळू टांगला होता, कंदिलांपासून दूर, नीट तासलेला. दाराआड एक काठी. "ही काठी तुमची. घालायचं तुमी, काढायचं तुमी. माझा हात न्हाई लागायचा, मास्तरीनबाई. आल्लाची आन."

मी म्हटलं, "अहो, एवढं काय..."

"एवढंच तर हाय," ते म्हणाले.

तर असं दोन वर्षं चाललं. ह्यांची दुपारची मालगाडी लागली की मी पदराआड मुकटा घेऊन जायची आणि संध्याकाळी काढून आणायची. वाळला की आबा आमच्या दारावरून जाताना खाकरायचे. कधी मजा करायचे. "मास्तरीनबाई, तुमचा देव आता घासलेटवर चालतो व्हय?" मी म्हणायची, "तुम्हाला काय करायचंय? तुम्ही वाती कापा." मुकट्याला घासलेटचा वास यायचा तो लपवायला मी त्याला उदाची धुरी द्यायची. हे नाक ओढून म्हणायचे, "स्टेशनाचा वास देवघरापर्यंत आला बघ." मी म्हणायची, "येणारच, आपण स्टेशनाच्या पोटातच राहतो." मनातल्या मनात हसायची मी! खोकला उतरला होता ना.

वेळूपाशी आबांना कधी जायचं झालं तर ते पाठ भिंतीला लावून, अंग चोरून जायचे. मी एकदा पाहिलं. इतकं अंग चोरून तर मीही माझ्या सासूच्या सोवळ्याजवळून कधी गेले नव्हते.

मग तो भाद्रपद आला. आठ दिवस धुकं. असं की फलाटाच्या ह्या टोकावरून त्या टोकाचा माणूस दिसेना. धुक्यात सिग्नलपाशी, वळणावर, रुळांच्या कडेला जादा कंदील लावावे लागत, म्हणून आबांनी फळीवरचे सगळे कंदील बाहेर नेले. आठ दिवसांत कंदीलखोली थंडगार पडली. तीही ओली व्हायला लागली. आणि नेमकं त्यातच सासऱ्यांचं श्राद्ध. सकाळच्या पॅसेंजरने लोणावळ्याहून भटजी येणार. मुकटा तीन दिवस वेळूवर, तरी हात लावला तर पाणी सुटेल असा. ह्यांना आदल्या दिवसापासून पुन्हा ढास लागली होती. मी धसका घेतला.

आदल्या संध्याकाळी मी आबांना म्हटलं, "मी घटकाभर शेगडी ठेवते आत. मुकटा सुकला की लगेच उचलते."

एवढ्या दिवसांत त्या माणसाने माझ्याशी चढ्या आवाजात बोललेलं मला आठवत नाही. तेव्हा बोलले. "न्हाई. मास्तरीनबाई, मुकटा ओला राहूंद्या न्हाईतर फाटूंद्या. शेगडी न्हाई. आत घासलेट हाय." मग मवाळ झाले. "उद्या धुकं निवळंल. दोन कंदील पेटवून ठेवतो मी तेच्याखाली."

मी बरं म्हटलं आणि घरी आले.

सकाळी धुकं निवळलं नाही. आबा कंदील घेऊन खालच्या सिग्नलकडे गेलेले. हे ऑफिसात, तारयंत्राशी. माझ्या चुलीवर खीर. भटजींच्या गाडीला दीड तास. आता खरं सांगते, मला एकदाही वाटलं नाही की हे करू नये. मला वाटलं, पुरुषांना काय कळतंय कपडा वाळवण्यातलं. घटकाभराचं काम. शेगडीत निखारे घातले, वर राख पसरली, पदराखाली धरली आणि फलाटावरून सरळ चालत गेले. मुकट्याच्या खाली शेगडी ठेवली. डबे दुसऱ्या भिंतीला होते. दार लोटून परत आले आणि खीर ढवळायला बसले.

ट्रॉलीचा आवाज मी ऐकलाच नाही. पावसात दरडी बघायला एक साहेब वरून ढकलगाडीवर आला होता, न कळवता. मी बाहेर डोकावले तेव्हा साहेब फलाटावर उभा होता, हे त्याच्या बाजूला, डोक्यावर घाईने घातलेली टोपी तिरकी. साहेब हवेत नाक फिरवत होता. त्या स्टेशनात धुराचा वास ही काय नवलाची गोष्ट? पण दगडी कोळशाचा धूर वेगळा आणि लाकडी कोळशाचा वेगळा. त्याला तो कळला. तो कंदीलखोलीकडे चालायला लागला.

आणि त्याच वेळी बोगद्याच्या बाजूने आबा आले. अंगावर भिजलेलं घोंगडं, हातात दोन विझलेले कंदील. दार लोटलेलं पाहिलं आणि थबकले. पुढे साहेब, मागे मास्तर येताहेत तेही पाहिलं. ते चार पावलं आधी आत शिरले.

माझं दार समोरच. त्यांनी दार सताड उघडलं होतं, म्हणून मला सगळं दिसलं. त्यांनी शेगडीकडे पाहिलं. वर पाहिलं. शेगडी उचलून नेतील असं मला वाटलं, तेवढा वेळ होता. त्यांनी शेगडीला हात लावला नाही. हात वर करून मुकटा खाली ओढला, दोन्ही हातांनी, गोळा केला आणि घोंगड्याखाली छातीशी धरला. मग साहेब दारात पोचला.

"किसका सिगडी?"

"मेरी, साहब."

"आग? तेल का कमरा में?"

"ठंडी लगा, साहब. गलती हुआ."

मी हातात पळी घेऊन उंबऱ्यात उभी. दहा पावलांवर. मला एवढंच म्हणायचं होतं, शेगडी माझी आहे. तीन शब्द! मोडकंतोडकं का होईना, साहेबाला कळलं असतं. पण मग हे विचारणार, तिथे शेगडी कशाला नेलीस? मुकटा वाळवायला. मुकटा तिथे? कधीपासून? दोन वर्षं. दोन वर्षं ह्यांनी कंदीलखोलीत वाळलेला मुकटा नेसून देवाची पूजा केली, बापाचं श्राद्ध घातलं, हे आज श्राद्धाच्याच दिवशी, भटजी दारात येत असताना मी सांगायचं. एका माणसाची नोकरी चालली होती आणि मी विचार कशाचा करत होते, तर मुकट्याचा! लाज वाटते लिहायला. पण खोटं लिहून काय करू?

हे साहेबामागे उभे होते. त्यांनी शेगडीकडे पाहिलं. आमची शेगडी मातीची, एक कान तुटलेला, मीच तारेने बांधलेला. त्यांनी ओळखली की नाही, मला आजतागायत माहीत नाही.

भटजी आले. मुकटा कुठे, म्हणून हे विचारायला लागले, तेव्हा मी म्हटलं, "उघड्यावर वाळत घातला होता, वाऱ्याने दरीत गेला." वाऱ्याने! धुक्याच्या दिवशी, पान हलत नसताना! ह्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ओलं धोतर नेसून श्राद्धाला बसले. अख्खा वेळ खोकत होते.

साहेबाने वर लिहिलं. वरून ह्यांच्याकडे हकीकत मागवली. त्या दिवशी जेवताना, ताटाकडे बघत, हे मला म्हणाले, "कंदीलखोलीत शेगडी कुठून आली असेल गं?"

हा माझा दुसरा मोका होता. देवाने पानात वाढून दिला होता.

मी म्हटलं, "मला काय ठाऊक? त्यांनीच सांगितलं ना, त्यांची म्हणून."

"हो," हे म्हणाले. "सांगितलं खरं." आणि भात कालवला. घरात शेगडी नव्हती हे त्यांना दिसत नसेल का? साहेबाने ती पुरावा म्हणून नेली होती. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्यांनी हकीकत काय लिहिली तेही मला कधी कळलं नाही.

आबांना कामावरून काढल्याचा कागद यायला तीन आठवडे लागले. ह्या तीन आठवड्यांत मी रोज ठरवायची, आज सांगते. सकाळी ठरवायची की दुपारी सांगू, दुपारी वाटायचं रात्री जेवण झाल्यावर सांगू. आबा आपले काचा पुसत होते. मला टाळत नव्हते, पण दारावरून जाताना खाकरणं बंद झालं होतं. खाकरायला कारणच उरलं नव्हतं म्हणा. एकदा मी धीर करून जवळ गेले. म्हटलं, "आबा, मी ह्यांना..."

त्यांनी हात वर केला. "ऱ्हाऊंद्या. माझं काय, आज ना उद्या जायचंच. तुमचं घर हाय."

आणि मी राहू दिलं! पडत्या फळाची आज्ञा मानून तशीच घरी आले. वर मनाला समजावलं की त्यांनीच तर नको म्हटलं.

आबा स्टेशन सोडून गेले तो दिवस कोरडा होता, ऑक्टोबरचं ऊन. ट्रंक डोक्यावर, कमरेची कात्री सोडून फळीवर ठेवलेली, सरकारी म्हणून. गाडीने जायचा पास काढून घेतला होता, म्हणून रुळाच्या कडेने वर चालत निघाले. आमच्या दारापाशी थांबले. "येतो, मास्तरीनबाई. काठी दाराआडच हाय." मी मान हलवली. बोगद्यातून कितीतरी वेळ त्यांच्या पायांखालची खडी वाजत होती.

पुढच्या वर्षी ह्यांची बदली घोरावाडीला झाली. तिथे ऊन, वारा, अंगण! पहिल्या दिवशी धुणं वाळत घातलं आणि तासाभरात कडकडीत वाळलं, तेव्हा मी दोरीपाशी बसून रडले. ह्यांना वाटलं, आनंदाने. छाती सुधारली ह्यांची. पापड फुलायला लागले. मीठ मिठासारखं राहायला लागलं. सगळं मिळालं मला, ज्याच्यासाठी गप्प बसले ते आणि वर ज्याच्यासाठी नव्हते बसले तेही.

मग घाटात विजेची इंजिनं आली. पाण्याला थांबायचं कारण उरलं नाही, आणि आमचं ते जुनं स्टेशन बंद झालं. एकदा कल्याणला लग्नाला जाताना मी मुद्दाम खिडकीशी बसले. गाडी न थांबता गेली. पन्हाळी लोंबत होत्या. फलाटावर हातभर नेचे. आमच्या दाराला फळ्या ठोकलेल्या, आणि कंदीलखोलीचं दारच नव्हतं, नुसतं काळं भोक. क्षणात सगळं गेलं आणि बोगदा आला. शेजारची बाई म्हणाली, "काय भुतासारखं आहे हो ते!" मला तिचा राग आला. म्हटलं, "भूत काय? माणसं राहत होती तिथे."

त्यानंतर मला चैन पडेना. दोन महिन्यांनी एकवीरेच्या दर्शनाचं निमित्त काढून कार्ल्याला गेले. देवीला हात जोडले ते घाईघाईनेच. खाली उतरून चौकशी केली. बत्तीवाले म्हणताच एका शेतकऱ्याच्या बाईने बांधावरून बोट दाखवलं. "त्ये काय, रस्त्याच्या कडंला. कंदील दुरुस्त करत्यात."

भाताच्या खाचरांना लागून एक छपराची झोपडी. पुढे ओट्यावर फुटक्या काचांचे कंदील मांडलेले. आबा आत बसले होते, डोळ्यांत पडदा आलेला. मी दारातून म्हटलं, "आबा."

"मास्तरीनबाई," ते लगेच म्हणाले. इतक्या वर्षांनी! आवाजावरून! "या, या. बसा तितं, ओट्यावर. ओटा सारवल्याला हाय." आणि बांधावरच्या त्या बाईला हाक मारली, "अगं ए, तुझ्या घरनं तांब्याभर पानी आन पाव्हनीला. तुझ्या घरचं." म्हणजे त्यांच्या घरचं मला चालणार नाही म्हणून. पाणी आलं, मी प्याले. शेतकऱ्याघरचं.

"मास्तरांचा खोकला?"

"गेला," मी म्हटलं.

"चांगलं झालं. लय वाईट खोकला व्हता."

मी घोकून आले होते. गाडीत, देवळाच्या पायऱ्या चढताना, उतरताना. आबा, शेगडी माझी होती, तुम्ही नको म्हणालात तरी मी नेली, आणि मी तोंड उघडलं नाही, मला क्षमा करा. मी म्हटलं, "आबा, मी एक सांगायला आले होते."

"आदी माझं ऐका," ते म्हणाले. "लय वर्सं वाट बघतोय मी."

ते उठले. चाचपत भिंतीशी गेले आणि कोपऱ्यातून एक काठी काढली. छपराच्या आढ्याला एक वेळू टांगला होता, घरातल्या सगळ्या सामानापासून लांब. त्यावर एक धुतलेलं फडकं पसरलं होतं. काठीने त्यांनी ते फडकं बाजूला सारलं, आणि काठीच्या टोकावर घेऊन, अंग चोरत, हात लांब करून, मुकटा माझ्यापुढे धरला. डाळिंबी रंग तसाच. पिवळे काठ तसेच.

"टाकावा तर तुमच्या देवाचा. पाठवून द्यावा तर मास्तरांना समजल." काठी त्यांनी आणखी पुढे केली. "त्या दिशी येळ न्हवता, मास्तरीनबाई. काठी दाराआड ऱ्हायली. हात लागला माझा. आल्लाची आन घेतल्याली आनि मोडली. तेवडं एकदाच. त्यानंतर न्हाई लागला. माफी करा मला."

मी ओट्यावर बसलेली. समोर तो म्हातारा, काठी धरून, उत्तराची वाट बघत.

माझं घोकलेलं घोकलेलंच राहिलं. मी काठीवरून मुकटा उचलला, घडी केली, पिशवीत घातला.

आणि म्हणाले, "असू दे, आबा."

त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. चेहरा असा निवळला की मला बघवेना. मी घाईने उठले, येते म्हटलं, आणि खाचरांच्या बांधावरून सडकेला लागले. क्षमा मागायला गेले होते मी, आणि त्यांना क्षमा करून आले.